पहिला पेला

ऑपरेशनचा हिरवा झगा घातलेल्या माणसाला तीन वेळा तो झगा उतरवून घरी पाठवलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलं नाही, मी पाहिलंय. तिन्ही वेळा तो झगा घडी करून नर्सच्या हातात मीच परत दिलाय.

बय्यूमी माझा नवरा आणि त्याच्याही आधी माझा चुलतभाऊ. इजिप्तमधल्या तांता शहराच्या एकाच गल्लीत आम्ही नाक पुसत वाढलो, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. त्याचा उजवा डोळा आठव्या वर्षीच दगड लागून गेला. उरला डावा, त्यात आता मोतीबिंदू पिकलेला. सरकारी डोळ्यांच्या हॉस्पिटलातली ती जाडी नर्स दर वेळी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळायची, फुगवायची, आकडा बघायची आणि मान हलवायची. पहिल्यांदा एकशे नव्वद, दुसऱ्यांदा एकशे पंच्याऐंशी, तिसऱ्यांदा दोनशे.

"बाई, याचं प्रेशर खाली आणा," ती मला म्हणाली, जणू मीच ते वर चढवून ठेवलंय. "एवढ्या प्रेशरवर डॉक्टर सुरी लावणार नाहीत. आत रक्तस्राव झाला तर डोळा गेला, आणि याच्याकडे दुसरा डोळा आहे कुठे?"

दुसरा डोळा नाही हे मला सांगायला नर्स कशाला हवी होती? गेल्याच महिन्यात टुकटुकवाल्याने याला बाजारात खेटून पाडला. पेला भरताना सरबत काठावरून वाहून जायचं, गिऱ्हाईक ओरडायचं तेव्हा याला कळायचं. ज्येष्ठमधाचं सरबत विकणारा माणूस, गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं हे भलंमोठं भांडं, एका हातात झांजा, दुसऱ्या हातात पेला, आणि डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं पांढरं. अजून सहा महिने गेले असते तर मीच याचा हात धरून याला संडासापर्यंत नेत बसले असते.

तर मी घरातलं मीठ बंद केलं. सलगमचं लोणचं शेजारी देऊन टाकलं. मडक्यात चार वर्षं मुरवलेलं खारट चीज, माझ्या आईच्या हातचं विरजण लावलेलं, तेही देऊन टाकलं, आणि देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी घेवड्याची अळणी उसळ, दुपारी अळणी भात, संध्याकाळी अळणी मसूर. त्याच्याबरोबर मीही तेच गिळत होते, कारण एका घरात दोन चुली मांडायला मी काही पाशाची बायको नाही.

वर राहणारी अत्तियात रोज जिना उतरून यायची. तिच्याकडे सगळ्यांच्या सगळ्या आजारांवर लाल अंबाडीचं सरबत.

"गार पाज गं एहसान. गार प्यायलं की प्रेशर उतरतं, गरम प्यायलं की चढतं."

"आणि कोमट प्यायलं की?"

"कोमट कोण पितं?" ती म्हणाली.

मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्या डॉक्टर मकारींना विचारलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोटात गेल्यावर गार काय आणि गरम काय, सगळं सारखंच होतं हो. गोळ्या घेतो का वेळेवर?" घेतो म्हणजे काय, माझ्यासमोर घेतो. मी जीभ वर करायला लावून तपासते. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, एकीच्या तीन केल्या. आकडा ढिम्म हलेना.

मग उरलं काय? हा बाहेर चोरून खातोय, दुसरं काय असणार.

"तू लोणचं खातोस," मी त्याला म्हटलं.

"नाही खात."

"मग खारवलेली मासळी खातोस."

"एहसान, अळणी खाऊन खाऊन माझ्या जिभेला चवच राहिली नाहीये. वर पाय इतके वळतात, असे गोळे येतात की रस्त्यात उभं राहवत नाही. तुला कोर्टात उभं करायचंय का मला?"

"करीन," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी काळी चादर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून मी त्याच्या मागे निघाले.

त्या दिवशीही पहाटे नेहमीसारखी मीच उठले होते. ज्येष्ठमध तयार करायचं काम आमच्या घरात बायकांचं. मुळांचा भुगा परातीत घ्यायचा, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि तळहातांनी चोळत बसायचं, भुगा काळपट पडेपर्यंत. मग फडक्यात बांधून टांगायचा आणि वरून थेंब थेंब पाणी सोडायचं. खाली जे जमतं त्याला असा फेस येतो की बघत राहावं. चौदाव्या वर्षापासून हे करतेय. माझ्या तळहातांचा पिवळा डाग माझ्याबरोबरच जाईल.

तर मी मागे, हा पुढे. दिसत नसल्यामुळे याच्या मागे जाणं सोपं होतं, दोन पावलांवर असते तरी कळलं नसतं. धान्यबाजार, कोर्टाचं फाटक, बडवी मशिदीपुढचं मैदान, मायक्रोबसचा तळ. प्रत्येक ठिकाणी थांबायचा, झांजा वाजवायचा, आणि पहिला पेला स्वतः प्यायचा. लोकांसमोर, एका दमात, मग पेला उलटा करून दाखवायचा. ही माझ्या चुलत्याची, म्हणजे याच्याच बापाची शिकवण. चुलते म्हणायचे, रस्त्यावरचा माणूस अनोळखी हातचं पितो, त्याला आधी आपण पिऊन दाखवावं, मगच विकावं. तांत्यात दुसरा कोणी सरबतवाला असं करत नाही. मी मोजलं. अकरा थांबे, अकरा पेले. आणि खायला? मी बांधून दिलेली भाकरी आणि एक अळणी अंडं. लोणच्याच्या गाडीवरून गेला तर वासाने तोंड फिरवलंन.

मला अभिमान वाटला हो. आता सांगायला लाज वाटते, पण वाटला. उन्हात उभा राहून माझ्या हातचं सरबत असा मान वर करून पिणारा माझा नवरा. आणि त्याचबरोबर डोकंही फिरलं, कारण चोरी पकडली असती तर निदान उपाय तरी सापडला असता. आता काय करायचं? भाकरीतलंही मीठ काढायचं?

चौथ्या खेपेला हॉस्पिटलात एक नवी डॉक्टरीण होती, डॉक्टर मरीहान. पोरसवदा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बाकीच्यांसारखी घाईत नव्हती. तिने रक्त तपासायला लावलं होतं आणि त्याचा कागद हातात धरून बसली होती.

"पाय वळतात का?"

"वळतात," मी म्हटलं. कधीपासून ओरडून सांगतेय, कोणी ऐकलं तर ना.

"रक्तात पोटॅशियम फारच कमी आहे. हे एवढ्या-तेवढ्याने होत नाही." तिने कार्ड उलटलं. "इथे लिहिलंय फेरीवाला. काय विकता काका?"

बय्यूमीने क्षणभरही वेळ घेतला नाही. "चिंचेचं सरबत," तो म्हणाला.

मी खुर्चीतच गार पडले.

तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. चिंचवाले आणि आम्ही म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं. चिंचवाला समोरून आला तर हा माणूस रस्ता बदलतो. दर रमजानला टीव्हीवर कोणीतरी डॉक्टर येऊन सांगतो की प्रेशरवाल्यांनी ज्येष्ठमध पिऊ नये, आणि दर रमजानला आमच्या घरात त्या डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. चुलते म्हणायचे, या डॉक्टरांना चिंचवाल्यांनी फितवलंय. मीही तेच म्हणायचे. मागच्याच वर्षी मी टीव्हीकडे चप्पल फेकली होती. आणि हा माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात चिंचेला हात लावला नाही, तो डॉक्टरणीपुढे मान खाली न घालता सांगतोय की मी चिंचेचं सरबत विकतो.

असं खोटं माणूस उगाच बोलत नाही. त्याला माहीत होतं. मी दोन पावलांवरून बघून, अकरा पेले मोजून जे ओळखलं नाही, ते याला केव्हाचं माहीत होतं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ज्येष्ठमध विकतो. आणि प्रत्येक थांब्यावर पहिला पेला स्वतः पितो. दिवसाला अकरा पेले."

"एहसान," तो म्हणाला.

"गप बस तू."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "अकरा? रोज?"

"चाळीस वर्षं," मी म्हटलं.

तिने आपल्या हाताच्या शिरेवर बोट ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं, ते नळीच्या भिंतीवर आपटतं, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये जो दाब उरतो तो खालचा. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला वाटतं काही नाही. पण भिंत झिजत असते, डोळ्यातली, मेंदूतली, मूत्रपिंडातली. "तुम्ही मीठ बंद केलंत, चांगलं केलंत," ती मला म्हणाली. "पण हे मूळ शरीरातलं मीठ बाहेर जाऊच देत नाही. उलट पोटॅशियम घालवून देतं. वरून तुम्ही त्यात सोडा घालत असाल. तुम्ही दारातून मीठ हाकललंत आणि यांनी खिडकीतून आत घेतलं."

"गोळ्या?"

"गोळ्या बिचाऱ्या काय करतील? तीन आठवडे एक थेंब प्यायचा नाही. मग या."

घरी आलो, दार लावलं आणि मी सुरू झाले. आठ महिने. आठ महिने मी चिमटीतलं मीठ मोजलं, आईचं चीज दान केलं, अत्तियातचं डोकं खाणं सहन केलं, चोरासारखी तुझ्या मागे फिरले. तुला कधीपासून माहीत होतं?

"मागच्या रमजानपासून," तो पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला. "मकारींनी विचारलं होतं, बय्यूमी, तू स्वतः पितोस का. मी म्हटलं, छे."

"का म्हटलंस छे?"

"का म्हणजे? ज्येष्ठमधवाल्याला ज्येष्ठमध बाधलं असं तांत्यात पसरलं तर माझ्या हातचं कोण पिणार? चाळीस वर्षं ओरडतोय मी, आरोग्य प्या, थंडावा प्या."

"आणि डोळा? डोळा गेला असता तर झांजा वाजवायला कुठे उभा राहणार होतास, मशिदीच्या पायरीवर?"

"बापाने आयुष्यभर प्यायलं. बापाला कुठे काय झालं?"

आणि मग मी ते बोलले. बोलायचं नव्हतं, पण माझ्या तोंडाला कधी लगाम होता? मी म्हटलं, "तुझा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी मैदानात कोसळला, बय्यूमी. तोंड वाकडं झालं, डावी बाजू लुळी पडली, गळ्यात भरलेलं भांडं तसंच. आपण म्हणत राहिलो चिंचवाल्याची नजर लागली. तू आता छप्पन्न वर्षांचा आहेस."

वरून अत्तियातच्या रेडिओचा आवाज येत होता.

"त्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता," बय्यूमी म्हणाला. "पेला धरवेना. म्हणाले, पोरा, तू भर. मीच भरून दिला. पहिला पेला. त्यांनी प्यायला, उलटा करून दाखवला आणि पडले." त्याने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, जरी त्याला ते नीट दिसत नव्हते. "ते सरबत वाईट असतं तर एहसान, मग तो पेला मी दिला असं होतं ना."

माझा सगळा राग तिथेच विझला. कारण तो पेला त्याने भरला होता, पण त्यातलं सरबत त्या पहाटे मी चोळलं होतं. नवी नवरी होते मी. सासरा झालेल्या चुलत्याने सकाळीच शाबासकी दिली होती की आज फेस छान आलाय.

मी त्याच्या शेजारी बसले. "एका पेल्याने माणूस मरत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरीण काय म्हणाली ऐकलं नाहीस? भिंत झिजते. ती वर्षानुवर्षं झिजत होती, आणि तुला, मला, कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर त्यात पाप नव्हतं. आता आहे."

"उद्या कमी भुगा भिजव," तो म्हणाला. एवढंच. त्याचे अकरा पेले आता लागणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागे गेले. विश्वास कोणी ठेवायचा? बडवीच्या मैदानात, बरोब्बर त्याच भिंतीशी जिथे चुलते पडले, तो थांबला. झांजा वाजवल्या. पेला भरला. एक मायक्रोबसवाला पुढे आला, मान बैलासारखी, हातात किल्ल्या.

"तू आधी पी ना काका, नेहमीसारखा," तो हसत म्हणाला.

बय्यूमी पेला हातात धरून उभा राहिला. मी खांबामागे श्वास रोखून. पिऊन टाकतोय की काय आता, असं मला वाटलं, आणि प्यायला असता तर मी तिथेच चप्पल काढली असती. त्याने पेला हळूच तिरका केला आणि भिंतीच्या पायथ्याशी ओतून टाकला.

"मला प्रेशर आहे," तो म्हणाला. मोठ्याने, नेहमी हाळी देतो त्या आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "मला हे चालत नाही. तुझं किती आहे?"

"माझं काय?"

"प्रेशर रे. मोजलंस कधी?"

"मला काही होत नाही, मी कशाला मोजू?"

"मलाही काही होत नव्हतं. आधी मकारींकडे जाऊन मोज, मग ये. तोवर नाही देणार."

मायक्रोबसवाला वेड्याकडे बघावं तसं बघत निघून गेला. त्याच्या मागे उभी असलेली दोन माणसंही पांगली. म्हणजे बघा, आठ महिने मी या माणसाला एक गोष्ट कबूल करायला लावण्यासाठी जिवाचं रान केलं, आणि कबूल केली ती अशी की आता गिऱ्हाईकं हाकलायला लागला. त्या आठवड्यात प्रत्येकाला हाच प्रश्न. निम्मं सरबत संध्याकाळी गटारात. मी डोक्याला हात लावला. तो मायक्रोबसवाला तिसऱ्या दिवशी परत आला, तो तणतणतच. मकारींकडे एकशे सत्तर निघालं होतं. बरा झोपत होतो, म्हणे, या म्हाताऱ्याने झोप उडवली. बय्यूमीने त्याला बसवून घेतला आणि माझ्या डब्यातली अळणी भाकरी खायला दिली.

तीन आठवडे झाले. पुन्हा तोच हिरवा झगा, तीच जाडी नर्स, तोच पट्टा. मी मनातल्या मनात कुराणातल्या जेवढ्या आयती येतात तेवढ्या म्हणत होते. पट्ट्याची हवा सुटली.

"एकशे अडतीस," नर्स म्हणाली आणि पुन्हा बघितलं, तिचाच विश्वास बसेना. मग नवा कागद ओढून भरायला लागली. नाव, वय, पत्ता. "धंदा?"

मी बय्यूमीकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तसंही मी त्याला एक काळा ठिपका दिसत असेन.

"ज्येष्ठमधवाला," तो म्हणाला. "बापापासून. विकतो, पीत नाही. माझा बाप प्यायचा."

नर्सने लिहून घेतलं. एवढ्याशा चौकटीत सगळं लिहिलंन, बाप प्यायचा हेसुद्धा. मग चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला आत नेलं. माझ्या मांडीवर त्याचे बूट, त्याची टोपी, आणि मला रडू येत होतं आणि त्याच्या दोन कानशिलात द्याव्याशाही वाटत होत्या, हे एवढंसं वाक्य आठ महिन्यांपूर्वी बोलला असता तर.

दार बंद होता होता आतून त्याचा आवाज आला. तो नर्सला विचारत होता, "बाई, तुमचं किती असतं?"